बायका विणकामाला

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हायवे सोडून आत वळलं की एक घर बघून नवखा माणूस आधी थांबतो आणि मग हसतो. ते सत्यभामाबाईंचं घर. कागदोपत्री ते त्यांच्या नवऱ्याचं, वासुदेव मास्तरांचं. पण हसू सगळं बाईंच्या वाट्याला येतं, कारण लोकांच्या हसण्याला मास्तर कौतुक समजतात. चारी बाजूंनी पांढराफटक ठोकळा. वर कौलं नाहीत, उतार नाही, खिडकीवर छज्जा नाही. आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो हे ज्यानं एकदा बघितलंय तो असलं सपाट डोक्याचं घर बांधणार नाही. मास्तरांनी जन्मापासून बघितला आणि तरी बांधलं. दर आषाढात बाई मधल्या खोलीत घमेली मांडतात आणि मास्तर त्या घमेल्यांमधून वाट काढत सांगतात, "जर्मनीच्या शाळेचं छतही गळायचं म्हणे." जसं काही गळणंच शिकायचं होतं तिथून.

फाटकावर एक गोल, एक चौकोन, एक त्रिकोण. ही त्या शाळेची खूण म्हणे. त्रिकोण पिवळा काढायचा होता, टोक वर. मास्तर त्या दिवशी मनिष पेंटरच्या हाती रंगाचे डबे देऊन भंडाऱ्याला गेले. मनिषची उभी हयात आरोग्य उपकेंद्रांच्या भिंती रंगवण्यात गेलेली. त्याचा हात सवयीनं चालला: त्रिकोण लाल, टोक खाली. कुटुंब नियोजनाचा. दुसऱ्याच दिवशी बाजूच्या खेड्यातल्या दोन बाया फाटकात येऊन उभ्या राहिल्या. "शिबिर कोनत्या दिवशी हाय जी?" सत्यभामाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप न थांबवता सांगितलं, "या घरात नियोजन कायचंच नाही, बाप्पा. समोर जा." त्रिकोण नंतर पिवळा झाला, पण खालचा लाल अजून डोकावतो.

आता ही पीडा घरात आली कुठून, ते सांगायला हवं. वासुदेव मास्तर तुमसरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. म्हणजे पोरांकडून फुलदाणी आणि केळी काढून घेत. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा नागपूरला चित्रकला शिक्षकांचं उन्हाळी शिबिर लागलं. तिथं कोण्या पाहुण्यानं अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवली. शाळेचं नाव बाउहाउस. मास्तर गेले तेव्हा चांगले होते, परतले ते बाधा झाल्यासारखे. तेव्हापासून बाईंनी त्या शाळेचा इतिहास इतक्यांदा ऐकलाय की झोपेतून उठवलं तरी सांगतील. पहिलं महायुद्ध संपलं. १९१९ साली वायमार नावाच्या गावात काही शहाण्यांनी शाळा काढली. कलाकार आणि कारागीर वेगळे नाहीत, असं जाहीर केलं. बाईंच्या माहेरी सगळे कारागीरच होते, कलाकार एकही नव्हता, त्यामुळे ही बातमी ऐकून त्यांना काही गहिवरून आलं नाही. हळूहळू त्या शाळेचा खाक्या ठरला: खुर्चीवरची नक्षी काढा, भिंतीवरची वेलबुट्टी खरवडा, घर ठोकळ्यासारखं, दिवा चेंडूसारखा, खुर्ची पाइपाची. वस्तू कामापुरती असावी, बाकी सगळं फालतू. वायमारात टिकू दिलं नाही तेव्हा शाळा डेसाऊला गेली, तिथून बर्लिनला, आणि १९३३ साली हिटलरच्या लोकांनी तिचा गळाच दाबला. शिकवणारे जगभर पांगले, आणि जातील तिथं ठोकळे उभे करत गेले.

"त्या मेल्यांनी त्यायले एका जागी सुखानं शिकवू दिलं असतं," बाई म्हणतात, "तं हे भूत शापूरपर्यंत आलंच नसतं."

आणि मजा बघा. कारागिरांची थोरवी गाता गाता मास्तरांच्या घशाला कोरड पडायची, पण उभ्या जन्मात त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही. कोरड पडली की पाणी बाईंनी आणून द्यायचं. ग्लास मात्र साधा हवा, फुलं काढलेला नको.

बाईंना कारागिरी म्हणजे काय ते शिबिरात जाऊन शिकायचं नव्हतं. त्या आंधळगावच्या, कोष्ट्यांच्या गल्लीतल्या. बाप तेजराम कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणायचा. घरातच खड्डा खणलेला, त्यावर माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा या बाजूचा त्या बाजूला फेकतो. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर सूत. ही कांडी रहाटावर भरायची ती बायकांनी. पोरीला जरा कळायला लागलं की रहाटाशी बसवायची, ती सासरी जाईपर्यंत, आणि सासर विणकराचं असलं तर तिथंही रहाट वाट बघत बसलेलाच. पण मागावर बाईनं बसायचं नाही. काहून? तर काहून काही नाही. माग पुरुषाचा. बाईचा पाय खड्ड्यात पडला तर माग रुसतो, तार तुटतात, घराची बरकत जाते. असं त्या घरात ठरलेलं, शेजारच्या घरात ठरलेलं, आणि ठरवलं कोणी ते विचारायची सोय नाही.

तेजरामची एक खोड होती. भरलेली कांडी तो बोटांत दाबून बघायचा, आणि जरा सैल लागली की रहाटाकडे भिरकावायचा. "ढिल्ली हाय. पुन्हा भर." वळून बघायचादेखील नाही. सत्यभामेचं लहानपण ते ऐकण्यात गेलं.

एकदा बाप बाजाराला गेला होता आणि माय पाण्याला. अकरा-बारा वर्षांची सत्यभामा खड्ड्यात उतरली. पाय पावड्यांना जेमतेम पोचले. धोटा फेकला, तो पलीकडच्या हातात आलाही. दुसऱ्यांदा फेकला तो तारांत अडकला, तिनं ओढला, आणि तार तुटले. मायनं पाठ सडकून काढली. मग बाप आला. त्यानं मागावर पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली आणि त्या दिवशी विणलं नाही. घरात मर्तिक झाल्यासारखा बसून राहिला. पोरीचा हात लागल्याचं सुतक. बाईंना त्या माराचं काही वाटत नाही, त्या उदबत्तीची चीड मात्र अजून येते. आणि त्या दिवशी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली, की मला अर्ध्यात उठवलं नसतं तर या गल्लीतल्या एकूणएक बाप्यांपेक्षा चांगलं विणून दाखवलं असतं.

पुढं नवरा मिळाला तो शिकलेला. वर, त्या शिबिराहून परतल्यापासून, कारागिरांची आरती ओवाळणारा. बाईंना वाटलं, आपलं नशीब उघडलं. एका संध्याकाळी मास्तर खुशीत आहेत असं बघून त्यांनी विचारलं, "मले एक माग मांडून देता का जी?"

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी त्या शाळेतल्या मागांबद्दल सांगितलं, तिथल्या कापडावरच्या चौकटींबद्दल सांगितलं, रंगाच्या पट्ट्या कशा मोजून घालत ते सांगितलं. दिवेलागण झाली तरी सांगतच होते. मग म्हणाले, "चहा टाक." माग राहिला तो राहिलाच, आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही. दगडापुढं तोंड वासायची त्यांना सवय नव्हती.

मग खुर्चीचं प्रकरण झालं. त्या शाळेची एक नावाजलेली खुर्ची आहे, वाकवलेल्या पाइपाची, मागचे पाय नसलेली. मास्तरांनी तशीच हवी म्हणून चित्र काढून इश्वरला दिलं. इश्वरचं हायवेवर फॅब्रिकेशनचं दुकान. शटरं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्यानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "मास्तर, मागचे पाय राहिले का जी?" मास्तर म्हणाले, "नाहीतच." इश्वरनं दुकानात पडलेला पातळ पाइप वाकवून दिला. पहिला मान बाईंच्या भावाचा, सेवकरामचा. हा तुमसरच्या राइस मिलवर मुकादम, अंगानं दणकट. चहाचा कप घेऊन बसला, आणि खुर्चीनं त्याला सावकाश, अगदी अदबीनं, जमिनीवर आणून ठेवलं. मास्तर म्हणाले, "लवचिकता बघा." सेवकराम कप सांभाळत म्हणाला, "पाहून राहिलो."

बाई पोट धरून हसल्या. हसली नाही ती फक्त तृप्ती, त्यांची एकुलती एक पोरगी, तेव्हा दहावीत. तिनं ती वाकलेली खुर्ची उचलली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि इश्वरच्या दुकानात घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत घरी आली नाही. पुढच्या आठवड्यात जाड पाइपाची खुर्ची आली, ती आजतागायत उभी आहे. तृप्ती मात्र त्या दुकानात गेली ती गेलीच. आधी नुसती बघायची, मग पाइप धरायची, मग काळी काच डोळ्यांपुढं घेऊन वेल्डिंग करायला लागली. कॉलेज कधी संपलं ते घरात कोणाला कळलं नाही. ओढणीवर ठिणग्यांची भोकं, नखांत काळं. बाई तिलाही सोडत नसत. "लोहाराच्या घरी जन्माले याची, ते वाट चुकून मास्तराच्या घरी आली," म्हणत.  वेल्डिंगच्या आवाजात राहून तृप्तीला न ऐकण्याची सवय झाली होती.

तेजराम वारला तेव्हा सेवकरामनं माग मोडून चुलीला लावायचं काढलं. त्याला विणायचं नव्हतं आणि घरातली जागा हवी होती. मास्तर एकदम पुढं झाले. "मोडू नका. मी नेतो." छोट्या हत्ती टेम्पोत घालून माग शहापूरला आणला. तीस वर्षांच्या संसारात सत्यभामाबाईंना नवऱ्याबद्दल पहिल्यांदा भरून आलं. उशिरा का होईना, आठवण राहिली माणसाला. त्यांनी मागाचं एकेक लाकूड पुसलं, तेल चोळलं. बापाचा हात जिथं टेकायचा तिथं लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालेलं होतं. तिथं त्यांनी स्वतःचा हात ठेवून बघितला.

मग बाई बहिणीच्या घरच्या हळदीला दिघोरीला गेल्या. दोन दिवसांनी परत येऊन बघतात तर माग लाल, निळा आणि पिवळा. ऑइलपेंट. बापाच्या हाताची जागा पिवळीधमक. मास्तर ब्रश धुत होते. "तीन मूळ रंग," ते म्हणाले. "आता शोभतो केंद्रात."

बाप गेला त्या दिवशी बाई रडल्या नव्हत्या. या दिवशी मात्र रडल्या, न्हाणीचा नळ सोडून.

केंद्र म्हणजे मास्तरांनी रिटायर झाल्यावर काढलेलं खूळ. घरामागच्या जागेत तीन पांढऱ्या खोल्या: लोखंड, लाकूड, विणकाम. कुठल्याशा योजनेतून मंजुरी मिळवली. वर्षभराचं शिक्षण, प्रत्येक खोलीत मोजकी पोरं. लोखंडाला शिकवायला इश्वर, लाकडाला गावातला एक सुतार, विणकामाला आठवड्यातून दोन दिवस सेवकराम. विणणं त्यानं सोडलं होतं, पण हात विसरला नव्हता, आणि मास्तरांनी फार गळ घातली. त्यानं खोलीत खड्डा खणवून माग बसवला, सुती ताणा, म्हणजे उभे तार, चढवला. इकडे इश्वर तुमसर रोडला मोठी शेड टाकत होता. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की लोखंडाच्या खोलीतून जे पक्के होऊन निघतील त्यांनाच तिथं घेईन, ओळखीपाळखीनं कोणाला घेणार नाही. तृप्तीला त्या शेडमध्ये शिरायचं होतं, आणि तिचं सगळं घोडं तिथं अडलेलं. उद्घाटनाच्या दिवशी नावं वाचायची, आणि योजनेच्या साहेबांनी त्या यादीवर सही केली की वर्षभर बदल नाही.

आदल्या दिवशी मास्तर जेवता जेवता म्हणाले, "तृप्ती विणकामाला. आजोबांचा माग आहे, शोभून दिसेल."

तृप्तीचा घास हातातच राहिला. "बाबा, मले लोखंड पायजे."

"लोखंडाला पोरं आहेत."

"त्या पोरायले वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही अजून. दुकानात मीच शिकवून राहिलो त्यायले."

"मुलींचं विणकाम. तिथंही तसंच होतं." मास्तरांनी कढी मागितली. विषय संपला.

मास्तर उठल्यावर मायलेकींची जुंपली. खरं तर बाईंनी पोरीची बाजू घ्यायला हवी होती. पण त्यांच्या पोटातला जुना निखारा भलत्याच दिशेला उडाला. "तुले आयता माग भेटून राहिला," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यासाठी मार खाल्ला. आन् तुले लोखंड पायजे? भैताड हायेस."

तृप्तीनं ताटं गोळा केली. "तुले माग पायजे होता, आई. मले नाही पायजे. तू बी बाबासारखीच बोलून राहिली." मग दाराशी थांबून म्हणाली, "माहं नाव तिकडं वाचलं ना, तं मी परवा बुटीबोरीले जातो. कंपनीत डबे भरीन. या घरात नाही राहत."

ती चिडून बोलली असती तर बाईंनी सोडून दिलं असतं. पण ती थंडपणे बोलली, आणि खरंच तिच्या कपड्यांची बॅग कॉटखालून बाहेर आलेली बाईंनी बघितली.

उद्घाटनाला मंडप, खुर्च्या, साहेब, गावातले चार पुढारी. मास्तर काळा गळाबंद कोट घालून. भर उन्हात. पाहुण्या म्हणून नागपूरच्या रेणू मॅडम आल्या होत्या. एका कॉलेजात डिझाइनचा इतिहास शिकवतात. मास्तरांनी त्यांना शाळेची थोरवी सांगायला बोलावलं होतं. मॅडम वयानं लहान, पण बोलल्या ते धडधडीत.

सुरुवातीला सगळं मास्तरांच्या मनासारखं चाललं. शाळेनं जगाला काय दिलं, आज आपण ज्या खुर्चीवर बसतो, ज्या दिव्याखाली वाचतो, त्यांच्यात ती शाळा कशी शिरली आहे, वगैरे. मास्तर मान डोलावत होते. मग मॅडम म्हणाल्या, "पण एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. पहिल्याच वर्षी तिथल्या प्रमुखांनी जाहीर केलं, की इथं स्त्री-पुरुष असा भेद नाही. ते ऐकून मुली आल्या. मुलांइतक्याच, थोड्या जास्तच. तेव्हा ही मोठी मोठी माणसं घाबरली. त्यांनी फार बोभाटा न करता ठरवलं, मुली कमी घ्यायच्या, आणि घेतल्या त्यांना बहुतेक विणकामाला लावायचं. लाकूडकाम हवं असलं तरी विणकाम. घरं बांधायची असली तरी विणकाम. बाईला सपाटीतलंच दिसतं, लांबी-रुंदीपलीकडची खोली दिसत नाही, असं म्हणणारेही तिथं होते. एक बाई धातूच्या खोलीत घुसली, तर तिला सुरुवातीला नुसती कंटाळवाणी कामं देऊन ठेवली. पुढं तिचीच चहाची किटली जगभर गाजली. विणकाम हलकं, म्हणून बायकांचं. असा त्या शाळेचा हिशेब."

मागच्या रांगेतून कोणी तरी मोठ्यानं हसलं. सगळ्यांनी वळून बघितलं. सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि हसू थांबत नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं जी?"

"अवो, आमच्या घरी माग पुरुषाचा, म्हनून भारी," बाई म्हणाल्या. "बाईनं हात लावला तं उदबत्ती लावा. आन् त्यायच्या इथी माग बाईचा, म्हनून हलका. एकाच मागाच्या भोवती बसून दोन्हीकडचे बापे काय काय बोलून राहिले पाहा." हसता हसता त्यांना एकदम काल पोरीला भैताड म्हटल्याचं आठवलं, आणि हसू गेलं. काल आपणही त्याच बाप्यांच्या ओळीत उभ्या होतो, हे त्यांना स्वच्छ दिसलं आणि स्वतःची शिसारी आली.

मास्तर माइकपाशी आले. मॅडमचे आभार मानले, अभ्यासाची तारीफ केली, आणि नावं वाचायला लागले. लोखंड: अंकुश, मोनू, गोलू आणि आणखी दोघं. सगळे मुलगे. लाकूड: सगळे मुलगे. विणकाम: गुंजन, तिच्या दोन मैत्रिणी, आणि कुमारी तृप्ती वासुदेवराव. रेणू मॅडम मास्तरांकडे बघतच राहिल्या. मास्तरांना वाटलं, मॅडम भारावल्या. ते अभिमानानं म्हणाले, "मॅडमनी आत्ताच सांगितलं, मूळ शाळेत मुलींना विणकाम द्यायचे. मी ते पुस्तकात वाचलं होतं. आपल्या केंद्रात अगदी तीच व्यवस्था ठेवली आहे. तंतोतंत."

असं आहे हे. एखाद्यानं आरसा दाखवावा आणि त्यात बघून माणसानं भांग पाडावा. मॅडमनी कपाळाला हात लावला. साहेब टाळ्या वाजवत होते, कारण टाळ्या वाजवायची वेळ झाली असं त्यांना वाटलं.

तृप्ती मंडपातून उठली आणि घराकडे चालायला लागली. बाईंना कॉटखालची बॅग आठवली.

"थांब वो, तृप्ती," त्या म्हणाल्या, आणि पुढं आल्या. माइकपाशी नाही, साहेबांपाशी. "साहेब, विणकामात एक नाव बदलवा. पोरीचं काढा, माहं लिवा. सत्यभामा वासुदेवराव."

मास्तर म्हणाले, "अगं, हे काय? तुझं वय..."

बाईंनी रेणू मॅडमकडे बघितलं. "त्या शाळेत वयाची काही अट होती का जी?"

"तुम्हाला आडवी येईल अशी नव्हती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खरं सांगितलं की वेळ भागवायला सांगून टाकलं, कोण जाणे.

"मंग झालं तं. बायका विणकामाले. मी बाई हावो. तुमची व्यवस्था तंतोतंत राहते, मास्तर."

इश्वर मागून म्हणाला, "तृप्तीचं नाव माह्याकडं लिवा, साहेब. तिच्याबिगर मले त्या पोरायले सांभाळता येत नाही." यादीवर सही अजून व्हायची होती आणि साहेबांना जेवायची घाई होती. त्यांनी खोडलं आणि लिहिलं.

पण बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या तडक विणकामाच्या खोलीत गेल्या, लुगडं सावरलं आणि त्या लाल-निळ्या-पिवळ्या मागाच्या खड्ड्यात उतरल्या. सगळा मंडप दारात गोळा झाला. इतक्या वर्षांचा राग हाताशी होता, आता गल्लीतल्या बाप्यांना दाखवायचं होतं. पावडी दाबली, धोटा फेकला. धोटा तारांतून घसरून खाली पडला. पुन्हा फेकला. अडकला. ओढला, आणि तट तट तार तुटले. अगदी त्या दिवशीसारखे.

सेवकराम हसला. "उठ बाई. मी दाखवतो."

खरं सांगायचं तर बाईंना येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. जन्मभर ज्या जोरावर त्या सगळ्या विणकरांना नाकं मुरडत आल्या, ते सगळं पोकळ निघालं, तेही चारचौघांत. दुसरी कोणी असती तर तोंड लपवून उठली असती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खांद्यावर पुसलं. "तू उदबत्ती लावणार असशीन तं घरी जा," त्या भावाला म्हणाल्या. "गाठ कशी मारायची ते सांगणार असशीन तं बस." सेवकराम घुटमळला. मग खाली बसला आणि गाठ मारून दाखवली.

त्याला आता काही महिने झाले. बाई रोज सकाळी खड्ड्यात उतरतात. आतापर्यंत जे कापड निघालं ते टॉवेल म्हणूनही कोणी घेणार नाही. एका कडेला फुगलेलं, दुसऱ्या कडेला आखडलेलं. गुंजन त्यांच्यापेक्षा लवकर शिकली. बाई स्वतःच्या कापडालाही सोडत नाहीत, "उंदरानं कुरतडलं" म्हणतात, आणि पुन्हा धोटा फेकतात. पलीकडच्या खोलीतून तृप्तीच्या ग्राइंडरचा कर्कश आवाज येतो. बाई तो आवाज बंद पडला की धोटा थांबवून कान देतात, आणि सुरू झाला की पुन्हा फेकतात.

कांड्या भरायचा मात्र प्रश्न आला. विणकामाच्या पोरींनी सांगितलं, आम्ही विणायला आलो, कांड्या भरायला नाही. आणि ते बाईंना पटलं. एक दिवस मास्तर सहज डोकावले. हात मागं बांधून, कारागिरीचं निरीक्षण करत. बाईंनी रहाटाकडे बोट दाखवलं. "रिकामे असान तं बसा तिथी."

मास्तरांना वाटलं, हा अनुभव घेण्यासारखा आहे. काळा कोट काढून बसले. रहाट फिरवायचा की सूत धरायचं, एकाच वेळी दोन्ही जमेना. घामाघूम झाले. बऱ्याच वेळानं एक कांडी भरली आणि मोठ्या कौतुकानं बाईंच्या हातात दिली. काय बोलावं ते जुळवतही होते, कलाकार आणि कारागीर यांच्याबद्दल.

बाईंनी ती कांडी बोटांत दाबून बघितली. मग मागं न वळता ती रहाटाकडे भिरकावली.

"ढिल्ली हाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा भरा."